तिची तीनचाकी, तिचं लायसन्स

या अंकाचं संपादकीय गाडी चालवण्याच्या लायसन्सवर लिहायचं असं ठरलं, तेव्हा आमच्याच बैठकीत एकीनं विचारलं, "हा बायकांचा प्रश्न कसा काय? हा तर आरटीओचा प्रश्न झाला!" शंका रास्त होती. मारहाण, हुंडा, पोटगी, कामाच्या जागी होणारा छळ, रेशनकार्ड या विषयांवर आपण या पानांतून वर्षानुवर्षं बोलत आलो. लायसन्सवर कधी बोललो नाही. पण गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात वस्तीपातळीवर काम करताना पायांत अपंगत्व असलेल्या ज्या बायका मला भेटत गेल्या, त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "न्यायला कुणी नाही." नोकरी का सोडलीस? न्यायला कुणी नाही. दवाखान्यात का गेली नाहीस? न्यायला कुणी नाही. आपल्या मेळाव्याला का आली नाहीस? पुन्हा तेच. एका प्रौढ बाईचं सगळं जगणं दुसऱ्याच्या सवडीवर टांगलेलं असणं, हा बायकांचा प्रश्न नाही तर कोणाचा?

ज्यांनी या अडचणीतून स्वतःपुरती वाट काढली, त्यांच्याकडे बहुधा साईड व्हीलची स्कूटर असते. नेहमीच्या बिनगिअरच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी एकेक चाक जोडून घेतलेलं. मोजायला गेलं तर चाकं चार भरतात. काही गाड्यांत मागचं मूळ चाक काढून दोनच चाकं बसवलेली असतात. बोलताना सगळेजण तिला तीनचाकीच म्हणतात. गाडी थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. २००१ मध्ये आलेल्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये गिअर नाही, दोन्ही ब्रेक हाताशी. म्हणजे पायाचं काम जवळजवळ संपलंच. लहानपणी पोलिओ झालेल्या, रेल्वेच्या किंवा रस्त्याच्या अपघातात पाय गमावलेल्या बाईला ही गाडी व्यवस्थित चालवता येते.

मुंबईच्या या भागात तिचं मोल आणखी जास्त आहे, कारण इथे रिक्षा नाही. माहीम आणि शीवच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, रिक्षाला परवानगीच नाही. उपनगरातली बाई दारात रिक्षा बोलावू शकते. लालबागच्या बाईपुढे टॅक्सी, बेस्टची बस आणि लोकल एवढेच पर्याय. टॅक्सी रोज परवडत नाही. लोकलमध्ये अपंगांसाठी डबा राखीव आहे, पण त्या डब्यापर्यंत पोचायला पुलाचे जिने चढावे-उतरावे लागतात, आणि तेही गर्दीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसांची ही गत, तर कॅलिपर घालून चालणारीनं काय करायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये तिथलाच रस्त्यावरचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवीहून केईएम, टाटा, वाडिया या परळच्या रुग्णालयांकडे येणाऱ्यांना वळसे घालावे लागले. अशा शहरात स्वतःची गाडी असणं ही चैन नव्हे. ज्यांना चालणं शक्य नाही, त्यांच्यासाठी ती चालण्याची जागा घेते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन. सुटी करता येणारी साइडकार आणि तिचं जादा चाक जोडलेलं असलं तरी ती मोटारसायकलच. अपंग व्यक्तीच्या गाडीसाठी मात्र कायद्यानं वेगळा वर्ग ठेवला होता, 'इनव्हॅलिड कॅरेज' नावाचा. शब्दशः, आजाऱ्याची गाडी. इंग्रजांच्या काळात झालेल्या १९३९ च्या कायद्यातून तो पुढे आला. त्याची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. शारीरिक व्यंग किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या वापरासाठी खास आखलेलं आणि बांधलेलं, नुसते फेरबदल केलेलं नव्हे, आणि केवळ तिच्याकडून किंवा तिच्यासाठी वापरलं जाणारं वाहन.

'नुसते फेरबदल केलेलं नव्हे' हे शब्द पुन्हा वाचा. आपल्याकडच्या बायका ज्या गाड्या चालवत आल्या, त्या सगळ्या फेरबदल केलेल्याच! कंपनीची साधी स्कूटर घ्यायची आणि गॅरेजमध्ये चाकं बसवून घ्यायची, हीच आपली रीत. म्हणजे कायद्याच्या अक्षरानुसार ती गाडी धड मोटारसायकल नाही आणि धड इनव्हॅलिड कॅरेजही नाही. अधिकारी समजूतदार असला तर तो वाट काढायचा, नसला तर परत पाठवायचा. हक्काची गोष्ट कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहिली.

२०१९ च्या दुरुस्तीनं हे शब्द बदलले. आता वर्गाचं नाव 'ॲडाप्टेड व्हेईकल', म्हणजे गरजेनुसार जुळवून घेतलेलं वाहन. त्यात खास बांधलेली गाडी येते आणि फेरबदल केलेलीही. आधी फेरबदलासाठी आगाऊ परवानगी लागायची. आता नियमात बसणारा बदल करून घेऊन नंतर मंजुरी घेता येते. लायसन्सवरही या वर्गाची वेगळी नोंद होते. हा बदल छोटा नाही. आजारी ठरवलेल्या माणसाऐवजी कायदा आता जुळवून घेतलेल्या गाडीकडे पाहतो. मात्र कायद्याचं पुस्तक बदललं म्हणून खिडकीपलीकडचा माणूस बदलतो असं नाही. घरातली माणसं तर त्याहून सावकाश बदलतात.

खिडकीवर काय होतं? लायसन्सच्या अटी वरवर सगळ्यांना सारख्याच आहेत. वय १८ पूर्ण हवं. आधी शिकाऊ लायसन्स, त्याची मुदत सहा महिने. ते मिळाल्यावर निदान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. दरम्यान गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि लायसन्सधारक शिकवणारा सोबत ठेवायचा. टेस्ट ज्या प्रकारच्या वाहनाचं लायसन्स हवं, त्याच प्रकारच्या वाहनावर द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांबरोबर कागदपत्रं घेऊन फिरताना यातल्या गाठी एकेक करून हाताला लागल्या.

पहिली गाठ गाडीची. इतर मुली मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालतात, स्कूलच्या गाडीवर शिकतात, त्याच गाडीवर टेस्ट देतात. मी या भागातल्या ज्या ज्या स्कूलमध्ये विचारलं, तिथे साईड व्हीलची स्कूटर नव्हती. म्हणजे हिनं आधी गाडी विकत घ्यायची, चाकं बसवून घ्यायची, तिची नोंद करून घ्यायची, आणि मग कळणार की आपल्याला लायसन्स मिळतंय की नाही. गाडी घेण्याआधी आपल्याला चालवता येईल का हे पाहायची सोयच नाही. एवढे पैसे अशा भरवशावर कोण घालणार? आणि मुलीसाठी तर कोणीच घालत नाही.

दुसरी गाठ अर्जाची. प्रकृतीच्या घोषणापत्रात, म्हणजे नमुना १ मध्ये, विचारलेलं असतं की हात किंवा पाय गमावला आहे का, हातापायाच्या स्नायूंच्या ताकदीत काही दोष आहे का. खरं उत्तर 'हो' आहे. आणि खिडकीबाहेर उभा असलेला एजंट सांगतो, "ताई, 'नाही' लिहा, नाहीतर खेपा घालाल." थकलेली बाई 'नाही' लिहिते, कुणाच्या तरी साध्या स्कूटरवर कशीबशी टेस्ट पार पाडली जाते आणि हातात बिनगिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स पडतं. गाडी मात्र वेगळ्याच वर्गातली. कागद आहे, पण तो तिच्या गाडीचा नाही, आणि त्यावर एक खोटी घोषणाही तिच्या सहीनिशी कायमची बसलेली आहे.

तिसरी गाठ दाखल्यांची. अपंगत्वाच्या दाखल्यात किती टक्के अपंगत्व आहे ते लिहितात. सवलतींसाठी तो हवाच. लायसन्ससाठीचा डॉक्टरी दाखला, नमुना १-ए, याच्या उलट गोष्ट सांगतो, की ही व्यक्ती वाहन चालवायला सक्षम आहे. एका कागदावर तिला काय जमत नाही आणि दुसऱ्यावर काय जमतं. दोन्ही खरे आहेत. पण कितीदा तरी पहिला कागद पाहूनच निकाल लागतो. एका कार्यालयात माझ्यासोबत आलेल्या चाळिशीच्या बाईला कारकुनानं दाखल्यावरचा आकडा वाचून दाखवला आणि म्हटलं, "एवढं अपंगत्व आहे, तर कशाला हौस?" ती त्या खिडकीपर्यंत त्याच गाडीवर आली होती. सोबत लायसन्स असलेला भाऊ होता. तो प्रश्न कारकुनानं भावाकडे बघून विचारला, तिच्याकडे बघून नव्हे.

यातूनच चौथ्या गाठीकडे, म्हणजे घराकडे येते. या गाड्या कोण चालवतं हे आपल्या रस्त्यांवर डोळे उघडे ठेवून पाहा. बहुतेक पुरुष दिसतील. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. म्हणजे साधारण ४४ टक्के. रस्त्यावर त्या का दिसत नाहीत? अपंग मुलाला गाडी घेऊन दिली तर तो कमवायला लागेल, असा हिशेब घरात होतो. अपंग मुलीच्या बाबतीत हिशेब वेगळा. ती पडेल, कुणी त्रास देईल, एकटी कुठे जाईल, आणि गेलीच तर लोक काय म्हणतील? काळजी खरी असते, ती मी नाकारत नाही. पण त्या काळजीच्या पोटात राखण असते. जिला कुठेही न्यावं लागतं, ती कुठे जाते हे आपोआप कळतं. सासरच्या किंवा भावाच्या घरात मारहाण होत असलेल्या बाईला तर घरातून निघण्यासाठीसुद्धा मारणाऱ्याचीच सोबत मागावी लागते. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या अपंग बायका इतक्या कमी का, याचं एक कारण इथे आहे.

गाडी घरात आल्यावरही ती तिची राहते असं नाही. परळच्या एका चाळीत मी पाहिलं की बाईच्या नावावरची गाडी दिवसभर दिरा-भाच्यांच्या कामाला, आणि तिची गरज पडली तेव्हा गाडीत पेट्रोल नाही. इथे कायद्यातलं ते जुनं वाक्य उपयोगी पडतं, आणि २०१९ नंतरही ते कायम आहे: हे वाहन केवळ त्या व्यक्तीकडून किंवा तिच्यासाठी वापरायचं. घरातल्यांना हे वाक्य दाखवा. स्त्रीधनाबद्दल आपण जसं बोलतो, तसं या गाडीबद्दलही बोललं पाहिजे. आरसी बुकावर नाव तिचं, विमा तिच्या नावे, किल्ली तिच्याजवळ.

त्याच वाक्याची दुसरी बाजूही आहे. तिनं आपल्या मुलाला शाळेत सोडलं तर तो वापर 'तिच्यासाठी' झाला की नाही? कुणी बाई आई असेल, आणि आई म्हणून तिला गाडी लागेल, हे हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या मनात आलेलं दिसत नाही. ज्या इंग्लंडच्या कायद्यातून हा वर्ग आपल्याकडे आला, तिथे युद्धानंतर सरकारनं अपंगांना फिकट निळ्या रंगाच्या तीनचाकी गाड्या दिल्या. त्या एकाच माणसाच्या होत्या. चालवणाऱ्याशेजारी दुसऱ्याला जागाच नव्हती. अपंग माणूस एकटाच असतो, त्याला संसार नसतो, असं गृहीत धरूनच जणू ती गाडी आखली होती. तिथल्या अपंगांच्या संघटनांनी यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला. १९७६ मध्ये नव्या गाड्या देणं थांबवायचं ठरलं, त्याऐवजी प्रवासासाठी भत्ता सुरू झाला, आणि २००३ मध्ये उरल्यासुरल्या गाड्याही रस्त्यावरून हटवल्या. आपण निदान त्यांची चूक नव्यानं करायला नको.

काहीजणी म्हणतात, लायसन्सशिवाय चालतंय की! पोलीस अपंग बाईला अडवत नाहीत. हे बऱ्याचदा खरंही आहे. पण ही दया आहे, आणि दया अपघाताच्या दिवशी उपयोगी पडत नाही. लायसन्स नसताना गाडी चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनं ५०० वरून ५,००० रुपये केला. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. वैध लायसन्स नसताना कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी जखमी व्यक्तीला दिलेली भरपाई गाडीच्या मालकिणीकडून वसूल करू शकते. पापड लाटून किंवा शिलाई करून घेतलेली गाडी एका दिवसात आयुष्यभराचं कर्ज होऊन बसते. म्हणून आमचं सांगणं स्पष्ट आहे. लायसन्स काढा, आणि ते गाडीच्या खऱ्या वर्गाचंच काढा.

ज्यांना एवढी खटपट नको, त्यांच्यासाठी एक माहिती. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलला लायसन्स लागत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची, वेग तासाला २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन नियमात बसणारं असेल, तर तीही मोटार वाहन धरली जात नाही. खासदार निधीतूनही अपंगांना तीनचाकी गाड्या देता येतात. पण लालबागहून रोज फोर्टला कामाला जायचं तर ही गाडी अपुरी पडते. शिवाय चाळीच्या खाली ती चार्ज कुठे करायची, हा प्रश्न आहेच.

आणि लायसन्स हातात आल्यावर रस्ता कोणता? वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, २०२४ मध्ये सुरू झालेला किनारी रस्ता, या सगळ्यांवर दुचाकी-तीनचाकीला मनाई आहे. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे हे मान्य. पण सार्वजनिक पैशातून झालेले मोठे रस्ते मोटारवाल्यांचे, आणि तिच्या वाट्याला खड्ड्यांचा जुना रस्ता, ही वाटणी डोळ्यांआड करता येत नाही. चाळीच्या तोंडाशी गाडी लावायला हक्काची जागा नाही. गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळच्या गल्ल्या मंडपांनी भरतात, तेव्हा तिची गाडी बाहेर निघेल एवढी वाट ठेवायचं कोणाच्या मनात येत नाही. आपल्यापैकी कितीजणींची मुलं, नवरे या मंडळांत आहेत! त्यांना सांगणं तर आपल्या हातात आहे.

आम्ही मागतो आहोत ते फारसं खर्चाचं नाही. हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. ताडदेवचं आरटीओ तिथून लांब नाही. महिन्यातून एक दिवस डॉक्टर आणि मोटार वाहन निरीक्षक एकाच ठिकाणी बसले, तर दाखला, गाडीची तपासणी आणि टेस्ट एका खेपेत होईल. खेप म्हणजे या बायकांसाठी एक दिवसाची मजुरी आणि सोबतीला येणाऱ्याची मनधरणी असते. दुसरं, सरकारनं किंवा महापालिकेनं निदान एक साईड व्हीलची स्कूटर शिकण्यासाठी आणि टेस्टसाठी उपलब्ध ठेवावी, म्हणजे गाडी घेण्याआधी तिला अंदाज येईल. तिसरं, खिडकीवर मराठीत फलक लावावा, की अपंगत्व असलेल्या व्यक्तीला लायसन्स मिळू शकतं, त्याचा वर्ग कोणता आणि कागद कोणते. चौथं, तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघून बोलावं. यासाठी शासन निर्णय लागू नये.

हे उपकार म्हणून आम्ही मागत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचं ४१ वं कलम सांगतं, की परवडेल अशा खर्चात स्वतःहून हिंडता-फिरता यावं यासाठी सरकारनं योजना कराव्यात, आणि त्यात वाहनांमध्ये फेरबदल करून देण्याचा उल्लेख नावानिशी आहे. मागितल्यावर दारं उघडतात, हेही आपण पाहिलं आहे. बहिऱ्या व्यक्तींना लायसन्स नाकारू नये म्हणून त्यांची संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये त्यांना टेस्ट देण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपण असलेल्यांसाठी नियम सैल झाले. कुणीतरी अर्ज केले, नकार लेखी मागितला, पुन्हा गेलं, म्हणून हे झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, काही कामं आपल्याकडे. तुमच्या चाळीत, वाडीत, इमारतीत पायानं अधू असलेली बाई असेल, तर तिला विचारा की तिला गाडी शिकायची आहे का. तिच्या भावाला किंवा सासूला विचारू नका. आरटीओत जाताना एकटीनं जाऊ नका, गटानं जा. अर्जात खरंच लिहा. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी द्या म्हणावं, आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. ज्या आधीपासून गाडी चालवतात, त्यांनी आठवड्यातून एक तास नवशिकीबरोबर द्यावा. पुढच्या अंकात तुमच्या अनुभवांसाठी आम्ही दोन पानं राखून ठेवली आहेत. लिहिता येत नसेल तर आमच्या केंद्रावर या आणि सांगा, आम्ही लिहून घेऊ. केंद्राच्या दाराशी पायरी आहे, आणि येत्या महिन्यात तिथे उतार बांधायचं काम आम्ही हातात घेतलं आहे. त्यासाठी गवंडीकाम जाणणारी कुणी असेल तर तिनंही जरूर कळवावं.